चुकांची पाहणी

गेल्या दिवाळीच्या पाडव्याची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी जळगावाहून धुळ्याला मला भेटावयास आला. मुलगा हुशार. संगणकावर व्यापाऱ्यांची कामे करून देतो आणि चार पैसे मिळवितो. परंतु त्या दिवशी त्याचा चेहरा पार उतरला होता. घरच्यांनी चकल्यांचे ताट पुढे केले. त्याने शास्त्रापुरती एक उचलली आणि तशीच हातात धरून तो म्हणाला, "गुरुजी, माझ्या हातून एका शेतकऱ्याची केळी वाया गेली."

हकिगत अशी. एका व्यापाऱ्यासाठी हा मुलगा एक संकेतस्थळ सांभाळीत असे. रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याने केळीच्या तोडणीचा दिवस मोबाइलवरून नोंदवावा आणि त्या दिवशी त्याच्या बांधावर मालमोटार यावी, अशी ती सोय. एका रात्री नोंद करता करता मधेच संपर्क तुटला. नोंद झाली नव्हती. पण पडद्यावर अक्षरे उमटली, 'आपली नोंद यापूर्वीच झालेली आहे.' शेतकऱ्याने विश्वास ठेवला, पहाटे माणसे लावून घड उतरविले. मोटार आलीच नाही. खानदेशातल्या वाचकाला पुढचे सांगावयास नको. कापलेला घड कोणाची वाट पाहत नाही.

"पण बाबा, यंत्राने खोटे का सांगितले?" मी विचारले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि संगणकाचे ज्ञान त्याहूनही तोकडे. तरी त्याने मला समजेल अशा बेताने सांगितले. प्रत्येक संकेतस्थळाच्या पोटात चुका सांभाळणारा एक भाग असतो. त्यांच्या भाषेत अशा भागाला 'क्लास' म्हणतात. माझ्यासारख्या मास्तराने त्याला वर्ग म्हणावे. हा वर्ग मात्र मुलांनी गच्च भरला होता. सहा वर्षांत पाच जणांचे हात त्यावरून फिरले. नवी चूक दिसली, की जो तो तिच्यासाठी एक नवी अट घाली. अटीच्या पोटात दुसरी अट, तिच्या पोटात तिसरी. चूक ओळखावयाची, ती कोणाला कळवावयाची हे ठरवावयाचे, कोणत्या शब्दांत कळवावयाची हे ठरवावयाचे, तिची नोंदवहीत टिपणी करावयाची आणि पुन्हा प्रयत्न करावयाचा की नाही हेही सांगावयाचे, अशी पाच कामे एकाच ठिकाणी एकमेकांत गुंतली होती. संपर्क तुटल्याची चूक या जंजाळात एका दाराने शिरली आणि दुसऱ्या दाराने दुसरेच नाव धारण करून बाहेर पडली.

हे ऐकले आणि मी एकदम म्हणालो, "अरे, हा तर आपला प्रिंगलसाहेब!"

पोराला वाटले, गुरुजींचे वय झाले. म्हणून त्याला जी गोष्ट सांगितली, तीच आज वाचकांना सांगतो.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि जमिनीच्या साऱ्याचा प्रश्न इंग्रजांच्या पुढ्यात येऊन पडला. पुणे प्रांती रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी होता. हेलीबरीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकून आलेला. त्याने ठरविले, की प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येते ते काढावयाचे, त्यातून बी-बियाणे, बैल, मजुरी वगैरे खर्च वजा करावयाचा आणि जे निव्वळ उरेल त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे. कल्पना कागदावर किती न्याय्य दिसते! परंतु त्यासाठी गावोगावचे पीक, गावोगावचा खर्च आणि मातीच्या नाना प्रती यांचे आकडे हवेत. ते गोळा करणार हाताखालचे कारकून. मोजणी चुकली, प्रतवारी चुकली, कोठे हात ओले झाले. आणि एक चूक दुसऱ्या आकड्यात अशी मिसळली, की मूळ कोठे ते कोणालाच सापडेना. १८३० साली इंदापूर तालुक्यात हे दर लागू झाले. त्यातच धान्याचे भाव कोसळले. सारा झेपेना, आणि कुळांनी जमिनी टाकून दिल्या.

१८३५ साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करातला इंजिनियर, हे दोघे इंदापुरात उतरले. त्यांनी प्रिंगलच्या गणिताला नवी ठिगळे लावली नाहीत. एकत्र गुंतलेल्या दोन प्रश्नांची त्यांनी फारकत केली. एका शेताच्या मानाने दुसरे शेत किती चांगले, हा एक प्रश्न. साऱ्या टापूने मिळून किती सारा द्यावा, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर त्यांनी निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धांतात शोधले नाही. मागील वर्षांची वसुली, पाऊसमान, बाजारपेठेचे अंतर पाहून ते ठरविले. पहिल्यासाठी मात्र एक लहानसे कोष्टक केले, आणि १८४७ सालच्या अहवालात ते नीट मांडून ठेवले.

ते कोष्टक मला फार आवडते. जमिनीच्या प्रती नऊ. काळी उत्तम माती पावणेदोन हात खोल असली तर ती १६ आणे. पाव हात खोली कमी झाली की १४ आणे, आणखी पाव हात कमी तर १२. अशी पायरीपायरीने उतरत शेवटची प्रत २ आण्यांची. मग दोष पाहावयाचे. तेही मोजून सात: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीचे कण एकमेकांना न धरणे, पाणी जिरू न देणारी चोपण, वाहत्या पाण्याखाली येण्याचा धोका आणि झऱ्यामुळे येणारा पाणथळपणा. प्रत्येक दोषाला एक खूण. शेताच्या नकाशात चौकटी पाडावयाच्या, चौकटीत खोली लिहावयाची आणि दोष असेल तेथे खूण करावयाची. एक खूण, एक पायरी खाली. पावणेदोन हात काळी माती, पण चुनखड आहे: १४ आणे. चुनखड आहे आणि उतारही आहे: १२ आणे. कारकुनाने चूक केली तरी वरचा अधिकारी शेतात उभा राहून, दोन ठिकाणी खणून ती पकडू शके. ठरलेला दर पुढे ३० वर्षे बदलावयाचा नाही.

विद्यार्थी एव्हाना चकली विसरून कागदावर चौकटी काढू लागला होता. "गुरुजी, म्हणजे चूक कोणती हे ओळखणं वेगळं, आणि तिचं काय करायचं ते वेगळं!"

"तेच तर. आणि दोष सातच का? माती काय सातच परींनी बिघडते? पण शेतात उभे राहून पारखता येतील एवढ्याच खुणा त्यांनी घेतल्या."

त्याच्या मनात एक शंका आली. हे सगळे जंजाळच काढून टाकले तर? मी म्हणालो, तसे नको. त्यालाच एक उदाहरण ठाऊक होते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान ५' हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटले. एक मोठी संख्या लहान खणात मावली नाही. असे घडणारच नाही, या समजुतीने त्या जागी चूक सांभाळण्याची तजवीजच केलेली नव्हती. राखीव यंत्रातही तोच कार्यक्रम, म्हणून तेही त्याच चुकीने बंद पडले. सोपे करणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे.

पुढचे काम त्याने जळगावात दोन महिने केले. या कामाला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात. मार्टिन फाउलर यांचे त्याच नावाचे पुस्तक १९९९ साली निघाले. बाहेरची वागणूक तशीच ठेवून आतली मांडणी सुधारावयाची, हे त्यातले सूत्र. त्याने आधी जुन्या वर्गाची परीक्षा लिहून काढली: अमुक चूक आत गेली, की तमुक उत्तर बाहेर येते. मग एकेक लहान बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच परीक्षा पुन्हा. अटींच्या जागी एक कोष्टक आले. जगभरच्या संकेतस्थळांत चुकांना क्रमांक असतात: ४०० च्या घरातले मागणाऱ्याकडच्या चुकीचे, ५०० च्या घरातले देणाऱ्या यंत्राकडच्या चुकीचे. त्याच धर्तीवर त्याने आपल्या चुकांच्या मोजक्या जाती केल्या. टिपणी एकीकडे, निरोप दुसरीकडे, पुन्हा प्रयत्न तिसरीकडे. गुंता सुटल्यावर ती घातकी जागा आपोआप उघडी पडली: ओळखू न आलेल्या प्रत्येक चुकीला कोणीतरी 'नोंद आधीच झाली' असे नाव देऊन ठेवले होते. ती दुरुस्ती त्याने अखेरीस, वेगळी म्हणून, केली.

काम दाखवावयास तो पुन्हा धुळ्यास आला. सारे सुबक होते. पण शेतकऱ्याला दिसावयाचा निरोप वाचला आणि मला गोष्टीचा राहिलेला भाग सांगावा लागला. पडद्यावर होते, 'सेवा तात्पुरती अनुपलब्ध. क्रमांक ५०३.'

विंगेटची ती सुटसुटीत पद्धत १८५२ साली आपल्या खानदेशात आली, तेव्हा काय झाले? यावल, सावदा, एरंडोल या भागांत रयत हजारोंनी उठली. मोजणीच्या अधिकाऱ्यांच्या तंबूंना लोकांनी गराडा घातला. फैजपूर म्हटले, की आपल्याला १९३६ चे काँग्रेसचे अधिवेशन आठवते. पण त्याआधी ८४ वर्षे त्याच परिसरात हा क्षोभ झाला होता. सरकारने लष्कर आणि भिल्ल पलटण आणून तो मोडला. कोष्टक चांगले होते; पण ते साहेबाला चांगले होते. रयतेला दिसले एवढेच, की परके लोक साखळ्या घेऊन आले, शेत खणतात, वहीत खुणा करतात; आता सारा वाढणार. त्या खुणांचा अर्थ तिला उमजेल असे कोणी बोलले नाही. तो राग नुसत्या अज्ञानाचा होता असे मी मानीत नाही. ज्याच्या शेताचा निवाडा होतो, त्याला निवाड्याची भाषा कळली पाहिजे, एवढी मागणी त्यात होतीच.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने तेथेच बसून ते वाक्य बदलले आणि माझ्यापुढे धरले:

'आपली नोंद झालेली नाही. नोंद होईपर्यंत तोडणी करू नका. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

क्रमांक ५०३ दुरुस्त करणाऱ्याच्या टिपणीत गेला; तेथेच त्याची जागा.

ज्या शेतकऱ्याची केळी गेली होती, त्याच्याकडे तो नंतर स्वतः गेला. व्यापाऱ्याने निम्मी भरपाई दिली होती. उरलेली याने हप्त्यांनी देण्याचे कबूल केले. शेतकऱ्याने मोबाइलवर तो नवा निरोप दोनदा वाचला आणि म्हणाला, "एवढंच सांगायचं होतं ना त्या रात्री."

यंदाच्या पाडव्याला तो पुन्हा यावयाचा आहे. या खेपेस निदान चकली तरी पुरी खाईल, अशी मला आशा आहे.