काळे पडलेले पाय आणि एक चित्र

संशोधनाच्या तयारीत आपण 'कारण' शोधायला शिकतो. पण कारण ठाऊक नसताना माणसं दुःखाला कशी सामोरी गेली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. त्यासाठी आज एक उदाहरण घेऊ.

युरोपात गरिबांचा पाव 'राय' या धान्याचा असायचा. (राय म्हणजे मोहरी नव्हे, हे गव्हाच्या कुळातलं धान्य.) ओलसर वर्षी त्याच्या कणसात दाण्याच्या जागी एका बुरशीची काळी, शिंगासारखी गाठ येते. तीच अरगट. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो, तो तिच्याच भावकीतल्या बुरशीमुळे. रायवरच्या अरगटातली अल्कलॉइड्स रक्तवाहिन्या आवळतात. आधी हातापायांची आग होते, मग ते काळे पडून गळतात. लोक याला 'संत अँथनीची आग' म्हणत.

अकराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये या रुग्णांची सेवा करणारा अँथनीपंथी साधूंचा संघ उभा राहिला. त्यांच्या आल्सास प्रांतातल्या इसेनहाइमच्या मठासाठी माथियास ग्रुनेवाल्डने 1512 ते 1516 च्या दरम्यान वेदीवरची चित्रं रंगवली. आज ती कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहेत.

दारं मिटलेली असताना दिसतो तो क्रूसावरचा ख्रिस्त: अंगभर जखमा, कातडीत रुतलेले काटे, वाकडी झालेली बोटं. देखणं असं त्यात काहीच नाही. सणाच्या दिवशी दारं उघडली की आत पुनरुत्थान दिसतं. अंग नितळ, भोवती सूर्यासारखं तेजोवलय. पण नीट बघा, हातापायांवरच्या खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत.

मला वाटतं, ख्रिस्ती विचाराचा गाभा इथेच आहे. 'तुझं दुःख खोटं आहे' असं चित्र म्हणत नाही, 'तुझ्या पापाची ही शिक्षा' असंही नाही. देव त्या दुःखाच्या आत उतरला, असं ते म्हणतं. सौंदर्य जखम पुसत नाही, तिला सोबत घेऊन येतं. पाय गमावलेल्या माणसाला हे कसं दिसलं असेल, याचा विचार करा.

आता संशोधक म्हणून एक सावधगिरी. ख्रिस्ताच्या अंगावरच्या जखमा अरगटाच्याच आहेत, असं पुष्कळ ठिकाणी ठामपणे लिहिलेलं सापडेल. चित्र अँथनीपंथी मठासाठी होतं, हा पुरावा. जखमा त्या रोगाच्या, हा अन्वयार्थ. त्या फटक्यांच्या आणि काट्यांच्याही असू शकतात. तुमच्या वहीत हे दोन रकाने वेगळे ठेवा.

आणि त्या साधूंना अडाणी म्हणायची घाई करू नका. अरगट ही बुरशी आहे, हे त्युलान या फ्रेंच शास्त्रज्ञाने नीट दाखवलं ते 1853 मध्ये. तोवर साधू रुग्णांना चांगला पाव द्यायचे, चरबीचं मलम लावायचे. विषारी पाव बंद होणं हाच खरा उपचार होता, फक्त तो का लागू पडतो हे त्यांना कळत नव्हतं.

कारण सापडलं, रोग आटोक्यात आला. तरी कोलमारला आजही माणसं त्या चित्रासमोर गप्प उभी राहतात. 'हे कशामुळे झालं?' आणि 'हे सोसायचं कसं?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपली पदवी पहिल्याचं उत्तर द्यायला शिकवते. दुसऱ्याला क्षुल्लक समजू नका, एवढंच.