दम्याचं औषध हैदराबादच्या वाटेनं

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात दम्याचं खरं औषध हैदराबादेत मिळतं, अशी समजूत आहे. सरकारं बदलली तरी ती ढळली नाही. १ नोव्हेंबर १९५६ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि आम्ही भालकीवाले म्हैसूर राज्यात. कचेरीची भाषा बदलली, शाळेची बदलली, पण धाप लागलेला माणूस हैदराबादकडंच बघत राहिला. भालकीत आमचं औषधांचं दुकान वडिलांपासूनचं आहे. दम्यानं हैराण झालेली माणसं मी लहानपणापासून गल्ल्यामागून बघत आलोय, म्हणून हा इतिहास मला सांगावासा वाटतो.

हैदराबादेहून आलेली सगळ्यात ओळखीची बाटली म्हणजे जिंदा तिलिस्मात. १९२०मध्ये हकीम मोहम्मद मोइझुद्दीन फारुकी यांनी ती काढली. निलगिरीचं तेल, कापूर, पुदिन्याचं सत्त्व, ओव्याचं सत्त्व आणि तो लालसर रंग देणारी रतनजोत. लेबलावर निजामाच्या फौजेतला हबशी शिपाई. आमच्याकडं लिंगायत, मराठा, मुसलमान, कुणाच्याही घरात ती सापडते. वाफेच्या पाण्यात चार थेंब, छातीला चोळायला थोडं, म्हाताऱ्यांच्या चहात एखादा थेंब. पडशानं बंद झालेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हे खरं. पण आवळलेल्या श्वासनळ्या त्यानं सुटत नाहीत. रात्री दोन वाजता छातीतून शिट्ट्या वाजणाऱ्या पोराला नुसतं तेल चोळत बसलेली आई आठवली की आजही जीव कासावीस होतो.

बिदरला वैद्यकाची परंपरा नव्हती असं मात्र कुणी समजू नये. बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहानं पंधराव्या शतकात इथं मोठा दवाखाना बांधला, त्याच्या खर्चाला गावं लावून दिली आणि हिंदू वैद्य व मुसलमान हकीम दोघांनाही नेमलं. आणि दवाखाना नव्हता तिथं कुंपण होतं. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून तो बांधावर टिकतो. त्याच्या पानाचा रस मधातून द्यायचा ही पद्धत आजी-आजोबांच्याही आधीची. त्याच पानातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून पुढं जर्मनीत ब्रोमहेक्सीन तयार झालं, १९६०च्या दशकात ते बाजारात आलं, आणि आता माझ्याच फळीवर कफाच्या सिरपमध्ये उभं आहे. धोतऱ्याची गोष्ट याहून धोक्याची. वाळलेल्या धोतऱ्याचा धूर दम्यावर ओढायची रीत मद्रासच्या इंग्रज डॉक्टरांनी उचलली आणि १८०२च्या सुमारास ती ब्रिटनला पोचली. तिकडं शंभरावर वर्षं दम्याच्या सिगारेटी खपल्या. धोतऱ्यानं माणूस भ्रमिष्ट होतो, दगावतोही. कुणी त्याचा प्रयोग करू नये. पण त्यातल्या ॲट्रोपिनच्या कुळातलं इप्रॅट्रोपियम आज तालुक्याच्या दवाखान्यात नेब्युलायझरच्या वाफेतून रोज दिलं जातं.

वडिलांच्या काळात दुकान चाललं ते डेरीफायलीनच्या गोळीवर. तिच्यातलं थिओफायलीन चहाच्या पानातही किंचित असतं. दम्याला काळा चहा देणारी माणसं म्हणून अगदीच चुकत नव्हती. शिंका, खाज, वाहतं नाक यांना एव्हिल. ॲलर्जीवरच्या औषधांच्या या घराण्याची सुरुवात १९३७ला पॅरिसमध्ये डॅनियल बोव्हे यांच्या कामातून झाली, त्यांना १९५७ला नोबेल मिळालं. गाजरगवत बांधाबांधावर पसरलं तशी ही गोळी आमच्याकडं रोजची झाली. ती घेऊन गुंगीत ट्रॅक्टर चालवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

तूर मळायला लागली की गर्दी वाढते. हा सगळा पट्टा तुरीचा, कलबुर्गीच्या तुरीला तर २०१९ला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मळणीयंत्रातून उडणारं भुसकट आणि डाळ मिलमधली धूळ कुणाच्या छातीत जाते, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. पौषात येणारा मजूर म्हणतो, ‘अण्णा, आजचा दम बसवा.’ त्याला उद्याचं काही सांगायला गेलं तर ऐकायला उसंत नसते. दम बसवणाऱ्या सालबुटामॉलचा पंप १९६९पासून जगात आहे, तरी इथं लोकांना गोळीच हवी असते. पंप म्हणजे शेवटचा इलाज, त्याची सवय लागते, अशी भीती खोलवर बसली आहे. वास्तविक ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत पंपाच्या ४० दाबांइतकं औषध असतं. गोळी सगळ्या अंगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं थोडकं औषध बहुतांशी जागेवरच काम करतं.

आणि ज्याची खरी गरज, तो स्टेरॉइडचा पंप, १९७२पासूनचा. तो आतली सूज उतरवतो, म्हणून रोज घ्यावा लागतो, धाप नसतानाही. नेमका तोच दम मोकळा झाला की पेटीत जाऊन पडतो. नुसत्या सालबुटामॉलवर दमा भागवू नये, असं २०१९ला जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही स्पष्ट केलं. आमच्याकडं लोक ते भागवतात, किंवा कुठल्याशा नाव नसलेल्या पुड्या आणतात. काही पुड्यांत स्टेरॉइडच असतं, तेही पोटातून, बेहिशेबी. चेहरा सुजतो, साखर चढते.

आमच्या माणसाला पथ्य पाळता येत नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही, आणि कारण पुन्हा हैदराबादच्याच वाटेवर आहे. मृग लागला की बथिनी गौड कुटुंब तिथं मरळ माशाच्या जिवंत पिल्लाच्या तोंडात पिवळा लगदा घालून ते गिळायला देतं, फुकट. १८४५पासून हे चालू आहे असं कुटुंब सांगतं. शाकाहाऱ्यांना गुळातून मिळतं. विज्ञानवादी संघटनांनी हरकती घेतल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. आता त्याला औषध न म्हणता प्रसाद म्हणतात. त्यानं दमा बरा होतो याला पुरावा नाही. पण त्याचा नेम बघा: लागोपाठ तीन वर्षं मृगालाच जायचं आणि पुढं ४५ दिवस ठरलेलंच खायचं. भालकीहून विकाराबादमार्गे रात्रीच्या रेल्वेनं निघून नामपल्लीच्या मैदानात रांगेत तासन्‌तास उभी राहिलेली माणसं मला माहीत आहेत. तीन वर्षं मृग न चुकवणारा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ पंपही ओढू शकतो. त्याला तारीख आणि मुदत घालून कुणीतरी सांगायला हवं. आमच्या दवाखान्यांतून चिठ्ठी मिळते, मुदत क्वचितच मिळते.

म्हणून मृगाच्या तोंडावर हैदराबादला निघालेल्यांना मी अडवत नाही. सालबुटामॉलचा पंप खिशात ठेवा, रांगेत दम लागला तर प्रसादाची वाट बघू नका, एवढं बजावतो. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टेरॉइडचा पंप त्याच ४५ दिवसांच्या पथ्यात जोडून देतो: दोन वेळा, नंतर खळखळून चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही. पंपावर उरलेले दाब दाखवणारा आकडा असतो, तो बघायला शिकवतो. मुदत संपली की डॉक्टरांना दाखवून मगच पुढचं ठरवायचं. काही जण येतच नाहीत. येतात त्यांपैकी बरेच आषाढातली रात्र झोपून काढल्याचं सांगतात, श्रेय प्रसादाला देतात, आणि दुसरा पंप घेऊन जातात.