मराठी लिपी आणि मुक्त आज्ञावली : शिक्षणक्षेत्रातील वाटचाल

सिंदफणेच्या काठचे माजलगाव हे बीड जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात मोडत असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दूचा स्वीकार केला आणि पाठ्यग्रंथांसाठी स्वतंत्र भाषांतर विभाग चालविला. भारतीय भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, यात संशय नाही. तथापि बीड-परभणीकडील मराठीभाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने इंग्रजीच्या जागी दुसरी एक परकी लिपी आली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, ६ जुलै १९६० रोजी भाषा संचालनालय निघाले, आणि शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न काही अंशी सुटला. विसाव्या शतकाच्या अखेरीस तोच प्रश्न निराळ्या वेषात पुढे उभा राहिला. भाषा मराठी ठरली. पण ती ज्या यंत्रावर लिहावयाची त्या यंत्रातील अक्षरांची किल्ली कोणाकडे?

संगणकावर मराठी आली ती प्रथम खाजगी टंकांच्या द्वारे. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या सांकेतिक क्रमांकांच्या जागी अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या बसविल्या जात. प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी. परिणाम असा की, एका टंकात लिहिलेला लेख तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा नुसता ढीग दिसे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात मुद्रक टंकशाळेकडून खिळे विकत घेई. ते जुळवून छापलेला मजकूर मात्र कोणासही वाचता येई. संगणकीय टंकाने वाचकालाही त्याच टंकशाळेचे गिऱ्हाईक केले. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतप्रणाली प्रमाण ठरविली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. पण तालुक्याच्या गावातील टंकलेखन केंद्रापर्यंत या मानकाची वार्ता पोचावयास पुष्कळ वर्षे लागली.

मुक्त आज्ञावलीचा विचार याच सुमारास वाढीस लागला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली; १९८९ साली त्याचा सार्वजनिक परवाना निघाला; १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आज्ञावली चालविण्याची, तिची घडण अभ्यासण्याची, तीत फेरफार करण्याची आणि ती इतरांस देण्याची मुभा हे या चळवळीचे सार होय. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दात स्वातंत्र्य आणि विनामूल्यता या दोन्ही कल्पना कोंडल्या गेल्याने तेथे बराच वाद माजला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द हाताशी असल्याने तो वाद उद्भवण्याचे कारण नव्हते. तरीही आपल्या शिक्षणसंस्थांतून चर्चा झाली ती बहुधा ‘फुकट’ची. आणि जेथे मोलाच्या आज्ञावलीच्या चोरट्या प्रती सहज मिळत, तेथे फुकटपणाचे आकर्षण ते किती असणार!

मराठीपुरते पाहू गेल्यास या चळवळीने पहिले मोलाचे काम केले ते लिपीचे व भाषांतराचे. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांत लिनक्स आणण्याचा प्रयत्न आरंभिला. २००४ साली रेड हॅट या कंपनीने लोहित टंकमालिका सार्वजनिक परवान्याखाली खुली केली. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द. पहिला समुद्र, दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. ‘आचार्यांना’ नि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद तर सर्वश्रुत आहे. हा भेद वाहणारा अर्धा ‘ऱ’ हिंदीला लागत नाही. म्हणून हिंदी नजरेसमोर ठेवून घडविलेल्या टंकात तो हमखास दुर्लक्षित होई. ‘ॲ’ या अक्षराची कथा अशीच. त्यास युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. बंद टंकात असे वैगुण्य आढळले तर उत्पादकाकडे अर्ज करून वाट पाहणे आले. खुल्या टंकात जोडाक्षरांचे नियम कोणासही वाचता व दुरुस्त करता येतात. भाषेच्या अभ्यासकाला या स्वातंत्र्याचे महत्त्व निराळे पटवून द्यावयास नको.

भाषांतराच्या कामात आज्ञार्थाचा एक गमतीदार पेच उद्भवला. माणूस यंत्राला आज्ञा देतो तेव्हा मराठीच्या प्रकृतीनुसार ‘साठव’, ‘उघड’, ‘पुस’ असे म्हणावयास हवे. प्रत्यक्षात ‘साठवा’, ‘जतन करा’, ‘उघडा’ ही आदरार्थी रूपे रूढ झाली. इंग्रजी आज्ञार्थ या बाबतीत मूक असल्याने निवड भाषांतरकारांनाच करावी लागली. त्यांच्या निवडीमुळे आज्ञा माणूस यंत्राला देतो आहे की यंत्र माणसाला, हे संदिग्धच राहिले. शिष्टाचाराच्या पायी कर्ता हरवला, असे म्हणावयास हरकत नाही.

शाळांतील प्रयोगांपैकी रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळील खैराट-धनगरवाडा येथील प्रयोग लक्षणीय आहे. २००७ साली तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेतील वीस-बावीस मुलांना ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेतील यंत्रे मिळाली. ती लिनक्सवर चालत. त्यांवर मुलांसाठी मुद्दाम घडविलेला ‘शुगर’ हा दर्शनी भाग होता. यंत्र शाळेच्या कपाटात न राहता मुलाच्या मालकीचे असावे, असा योजनेचा दंडक होता. विशेष म्हणजे कळफलकावर एक कळ चालू आज्ञावलीची मूळ संहिता दाखविण्यासाठीच राखलेली होती. धनगरवाड्यातील चौथीच्या मुलाने ती कळ दाबून इंग्रजी संहितेचा अर्थ लावावा, ही अपेक्षा भाबडी खरीच. पण आतले दार बंद ठेवलेले नाही, एवढे सांगण्याचे काम ती कळ करीत होती. केरळाने २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा कार्यक्रम हाती घेऊन पुढे राज्यभराच्या शाळा लिनक्सवर आणल्या. महाराष्ट्रात तशी राज्यव्यापी योजना झाली नाही. येथे २००१ पासून संगणकसाक्षरतेचा प्रसार झाला तो मुख्यतः एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाद्वारे, आणि त्याचा भर विंडोज व तीवरील कार्यालयीन आज्ञावलींवर होता. खैराट हे म्हणूनच बेटासारखे राहिले.

महाविद्यालयांच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने सायलॅब, लाटेक, लिबरऑफिस, पायथॉन यांसारख्या मुक्त साधनांवर सुमारे दहा दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले. निवेदनाचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूपांतर झाले. तज्ज्ञ शिक्षक नसलेल्या, इंटरनेटची शाश्वती नसलेल्या माजलगावसारख्या ठिकाणी असा पाठ एकट्याने पाहून शिकता येतो, हा त्याचा मोठा गुण. पडद्यावरील दृश्य मात्र इंग्रजीच ठेवण्यात आले. नोकरीच्या जागी तेच दिसणार, हे त्याचे कारण. कानाला मराठी आणि डोळ्याला इंग्रजी अशी ही विभागणी आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ती समर्थनीय. पण मराठी परिभाषा केवळ कानावरून गेली तर लेखनात रुजणार कशी, ही शंका उरतेच. २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाच्या नव्या पाठ्यपुस्तकात पोस्टग्रेस आणि ग्नूखाता यांना स्थान मिळाले. ग्नूखाता ही हिशेबाची मुक्त आज्ञावली भारतातच घडलेली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर देशभरातील प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात जमा होऊ लागले. हे भांडार ज्या डीस्पेस या आज्ञावलीवर उभे आहे ती मुक्त आहे. परंतु तेथील अनेक मराठी प्रबंध जुन्या खाजगी टंकांत लिहिलेले आहेत. पडद्यावर पाने स्वच्छ वाचता येतात. बोलींवरील अशा एखाद्या प्रबंधात ‘सिंदफणा’ हा शब्द यंत्राकरवी शोधू गेल्यास मात्र तो सापडत नाही.