खुरचाफा : एका फांदीचा आणि एका नावाचा इतिहास



स्मृतिव्याख्यानात राजांचा, लढायांचा किंवा ग्रंथांचा इतिहास सांगावा, असा शिरस्ता आहे. मी आज एका झाडाचा इतिहास सांगणार आहे. मी भाषेचा विद्यार्थी, वनस्पतिशास्त्राचा नव्हे. परंतु हे झाड आपल्याकडे कोठून आले याची साक्ष कागदपत्रांपेक्षा शब्दांनीच अधिक जपली आहे, म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो, असे मी मानतो. हे झाड म्हणजे खुरचाफा. देवळाच्या आवारात, चर्चच्या अंगणात, पिराच्या दर्ग्याजवळ आणि आपल्या शाळांच्या कुंपणाला लागून उभे असणारे, जाड बोटांसारख्या फांद्यांचे, पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे झाड.

मराठीत चाफे अनेक आहेत, आणि ते एकमेकांचे भाऊबंद मुळीच नाहीत. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. नागचाफा उंडीच्या जवळचा. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. भुईचाफा तर हळद-आल्याच्या गोतातला कंद. आणि खुरचाफा कण्हेरीच्या कुळातला. पान तोडताच ठिबकणारा पांढरा चीक त्याचे कूळ सांगतो. म्हणजे ‘चाफा’ हे आपल्या भाषेत एका कुळाचे नाव उरलेले नाही. तो सुगंधाला दिलेला किताब आहे. मूळ मानकरी सोनचाफा, म्हणजेच संस्कृतातला चंपक. बाकीचे सारे त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

हे ध्यानात न घेतल्यामुळे एक गैरसमज पसरला आहे. खुरचाफा देवळात असतो, देवाला वाहिला जातो, त्याचे नाव संस्कृतोद्भव आहे. तेव्हा तो पुरातन काळापासून आपलाच असला पाहिजे, असे अनेक जण अभिमानाने सांगतात. कोणी जुन्या शिल्पांतील पाच पाकळ्यांच्या फुलाकडे बोट दाखवितात. पण पाच पाकळ्यांची फुले शेकड्यांनी आहेत. बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालच्या कमल बस्तीच्या छतात कोरलेले कमळ पाहून कोणालाही शंका येत नाही. पाच पाकळ्यांच्या नक्षीबद्दल तसा निश्चय करता येत नाही.

उलट भाषेची साक्ष स्पष्ट आहे. संस्कृत कवी नायिकेच्या गोऱ्या कांतीला चंपकाची उपमा देतात. ती सोनेरी वर्णाची आहे, पांढऱ्या फुलाची नाही. भ्रमर चंपकाकडे जात नाही, हा कविसंकेतही सोनचाफ्याचाच. आपण सुंदर नाकाला ‘चाफेकळी’ म्हणतो. सोनचाफ्याची कळी सरळ, निमुळती असते. खुरचाफ्याची कळी पिळलेल्या वातीसारखी असते. तसे नाक कोणाला असावे, अशी इच्छा कोणी करणार नाही. हे शब्दप्रयोग घडले तेव्हा भाषेपुढे एकच चाफा होता.

मग हा दुसरा कोठून आला? त्याची जन्मभूमी मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेत त्याला ‘काकालोशोचित्ल’, म्हणजे डोमकावळ्याचे फूल, असे नाव होते. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो द साआगुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने स्थानिक जाणकारांच्या मदतीने त्या लोकांच्या जीवनाचा जो प्रचंड वृत्तांत सिद्ध केला, त्यातील फुलांमध्ये हे फूल आहे. पुढे शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) हा फ्रेंच संन्यासी वनस्पतींच्या शोधात कॅरिबियन बेटांवर तीनदा गेला आणि चौथ्या प्रवासाच्या तयारीत असताना स्पेनमध्ये निवर्तला. त्याच्या नावावरून या झाडाला प्लुमेरिया हे शास्त्रीय नाव मिळाले, आणि लिनिअसने १७५३ च्या आपल्या ग्रंथात ते कायम केले. ‘रुब्रा’ म्हणजे तांबडी, हे त्यातील एका जातीचे नाव. गंमत अशी की आपल्याकडील पांढऱ्या फुलांची बहुतेक झाडे याच ‘तांबड्या’ जातीत मोडतात. इंग्रजीतील ‘फ्रँजिपनी’ हे नाव इटलीतील एका सरदार घराण्याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या अत्तरावरून पडले. तेथेही फुलाला नाव मिळाले ते वासावरून.

प्रवासाचा माग नावांवरूनच लागतो. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मेक्सिकोचे आकापुल्को बंदर आणि फिलिपिन्समधील मनिला यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबते ये-जा करीत. फिलिपिन्समध्ये आजही या फुलाला ‘कालाचुची’ म्हणतात. काकालोशोचित्लचाच तो झिजलेला अवतार. इंडोनेशियात त्याला ‘कांबोजा’ म्हणतात, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे ते कंबोडियाहून आले. मलयाळमात ‘ईळच्चेंपकम्’ आणि तमिळात ‘ईळत्तलरी’. ‘ईळम्’ म्हणजे लंका. प्रत्येक भाषेने शेजाऱ्याकडे बोट दाखविले आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. लंकेच्या किनाऱ्यावर ते १६५८ पर्यंत होते. पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील हे दोन्ही सागरी मार्ग आपल्या किनाऱ्याला येऊन मिळत होते.

आता प्रश्न असा, की महिनोन् महिन्यांच्या समुद्रप्रवासात हे झाड जगले कसे? उत्तर त्याच्या फांदीत आहे. ज्याने खुरचाफा लावला आहे त्याला हे ठाऊक असते. उन्हाळ्यात, पाने गळलेली असताना, दीड-एक फूट लांबीची पक्व फांदी धारदार कोयत्याने कापावी. ती लगेच मातीत खोचू नये. आठ-पंधरा दिवस सावलीत तशीच ठेवावी. चीक सुकतो, जखमेवर खपली धरते. मग भुसभुशीत, वाळूमिश्रित मातीत चार-सहा बोटे खोल रोवावी आणि पाणी बेताने द्यावे. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. कोरडेपणाने ही फांदी सहसा मरत नाही. मरते ती अतिपाण्याने, कुजून. ज्या फांदीला कापल्यावर सुकू देणेच हिताचे असते, तिला गलबताच्या कोपऱ्यातील प्रवासाचे भय कसले? आंब्याच्या कोयीला किंवा कोवळ्या रोपाला ही सवलत नाही. गलबतावर गोडे पाणी माणसांनाच पुरत नसे. त्या काळात पाण्याविना टिकणारी फांदी हाच उत्तम प्रवासी होता.

बियांची वाट मात्र आपल्याकडे जवळजवळ बंदच आहे. या फुलात सुगंध आहे, मध नाही. रात्री हिंडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांना ते वासाने भुलविते आणि रिकाम्या हाताने परत पाठविते. त्या फसवणुकीतच परागीकरण होते. ते क्वचितच साधते, म्हणून शिंगांच्या जोडीसारख्या शेंगा आपल्या झाडांवर विरळाच दिसतात. परिणामी आपली बहुतेक झाडे फांदीपासून फांदी अशीच झालेली आहेत. बीजातून झाडाचे अपत्य जन्मते. फांदीतून तेच झाड पुन्हा उभे राहते. आपल्या अंगणातील खुरचाफा हा कित्येक शतकांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या एखाद्या झाडाचा वंशज नव्हे, तर बहुधा तेच झाड आहे.

त्या पाहुण्याला आपण काय नाव दिले? काजू, अननस, पपई, बटाटा यांनी पोर्तुगिजांकरवी आपली नावे बरोबर आणली. ते बाजारातून आले, आणि बाजारात नाव विचारल्यावाचून व्यवहार होत नाही. परंतु मिरचीने मिऱ्याचे नाव घेतले. अमेरिकेतून आलेल्या एका फळाला आपण सीतेचे नाव दिले, दुसऱ्याला रामाचे. दसऱ्याचे तोरण ज्याच्यावाचून होत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. खुरचाफाही याच पंक्तीतला. फांदी हातातून हातात गेली, आणि प्रत्येक अंगणाने तिला आपल्या भाषेत हाक मारली.

येथे आपल्या सीमाभागाला विशेष महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे. कन्नडमध्ये या झाडाला ‘देवकणगिले’ म्हणतात. ‘कणगिले’ म्हणजे कण्हेर. तेलुगूत ‘देवगन्नेरु’, तमिळात ‘अलरी’; तेथेही कण्हेरच. कन्नड माणसाने चीक आणि फुलाची ठेवण पाहिली आणि कण्हेरीचे नाते ओळखले. शास्त्र पुढे त्याच निष्कर्षाला आले. मराठी माणसाने डोळे मिटून वास घेतला आणि त्याला चाफा म्हटले. एकाने कूळ पाहिले, दुसऱ्याने गुण. दोन्ही खरे. एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन भाषांनी एकाच परक्या झाडाला आपले म्हटले, आणि एकीच्या म्हणण्याने दुसरीचे काही उणे झाले नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर या भागात भाषेचा प्रश्न ज्या कडवटपणाने मांडला गेला, तो आठवून मी हे सांगत आहे. आपला न्याय्य आग्रह सोडावा असे मी म्हणत नाही. परंतु आपलेपण सिद्ध करण्यासाठी खोट्या पुरातनतेचा आधार घेण्याची गरज नसते, एवढे या झाडाकडून शिकावे. चारशे वर्षे देवाला वाहिलेले फूल देवाचे होते. त्याला अजिंठ्याच्या काळात नेऊन बसविल्याने त्याची पवित्रता वाढत नाही. इतिहासाची प्रतिष्ठा मात्र घटते.

शेवटी जे या व्याख्यानाचे खरे कारण, ते सांगतो. खुरचाफ्याची कापलेली फांदी कधी कधी मुळे फुटण्यापूर्वीच फुलते. पाहणाऱ्याला वाटते, झाड लागले. पण ते फूल मुळांचे नसते. फांदीत साठलेल्या रसाचे असते. तो रस संपला आणि मुळे धरली नसली, तर फांदी वाळून जाते. महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी समाजाकडे पाहताना मला हे अनेकदा आठवते. आपले गणेशोत्सव, आपली संमेलने, आपले सत्कार ही फुलेच आहेत, आणि सुंदर आहेत. पण ती पूर्वजांनी साठवलेल्या रसावर फुलत आहेत की नव्या मुळांवर, याचे उत्तर सभागृहातल्या गर्दीवरून मिळत नाही. ते शाळेच्या पहिलीच्या वर्गातील पटावरून मिळते. तो पट अनेक गावांत रोडावत चालला आहे. आणि मुळे धरतात ती येथल्याच मातीत, दूरच्या नाही. शेजारची भाषा उत्तम जाणणारा आणि आपली भाषा न विसरणारा विद्यार्थी, हे ते मूळ.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. रस्ते रुंद होत आहेत, जुन्या इमारती उतरत आहेत, आणि त्यांच्याबरोबर जुने खुरचाफे जात आहेत. झाड पडण्यापूर्वी त्याची एक फांदी घ्या. तेच झाड तुमच्या दारी पुन्हा उभे राहील. त्याबरोबर शाळेत एक वही ठेवा. फांदी कोणत्या अंगणातून, कोणत्या साली, कोणी आणली, एवढे तीन रकाने पुरेत. फांदी झाड वाचविते, पण आठवण वाचवीत नाही. ते काम अक्षरांचे आहे. आणि ती वही मराठीत लिहिणारा व वाचणारा कोणीतरी पन्नास वर्षांनी या गावात असावा, याची तजवीज करणे हे आपले काम आहे.