भावनांना वळण, जीवनाला आनंद

सद्गुणी माणूस म्हणजे मन मारून जगणारा माणूस, असा समज आपल्या घराघरांत रुजलेला आहे. संत थॉमस अक्विनास यांचे मत निराळे होते. तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात नीतीचा विचार मांडताना त्यांनी आधी परमसुख, पुढे भावना आणि त्यानंतर सद्गुण असा क्रम लावला. भावना म्हणजे पाप नव्हे. विवेकाचे वळण लाभले की तीच सत्कृत्याला बळ देते. त्यांच्याही पूर्वी ॲरिस्टॉटलने सांगितले होते की, ज्याला न्यायाने वागण्यात आनंद वाटत नाही तो न्यायी नव्हे.

या विचाराचा पडताळा बोर्डीच्या इतिहासात मिळतो. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. बालविधवेने सर्व इच्छा गाडून टाकाव्यात, हाच त्या काळी तिचा सद्गुण मानला जाई. अनुताईंनी मात्र शिक्षणाची वाट धरली व त्या शिक्षिका झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्या तेथे दाखल झाल्या.

त्याच वर्षी तलासरीच्या परिसरात गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली बांधव वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. अन्यायाविरुद्धचा संतापही न्यायबुद्धीच्या हाती असला तर सद्गुणाचा सोबती ठरतो, हे अक्विनास यांनाही मान्य होते.

बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वात्सल्याची कसोटी लागली. आदिवासी मुले शाळेत येईनात. नुसती कणव असती तर ती हळहळून थांबली असती. नुसते कर्तव्य असते तर त्याने मुलांनाच दोष दिला असता. येथे वात्सल्याला चिकाटी व विवेक यांची जोड मिळाली. शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते कार्य वाहिले. जिच्या वाट्याला समाजाने सुख ठेवलेच नव्हते, तिच्या अंगणात शेकडो मुले गाऊ लागली.

पालकहो, आपले मूल रडते, रागावते, हट्ट धरते, तेव्हा त्याला केवळ गप्प बसवू नका. त्या भावनेला वळण द्या. सद्गुणाची पहिली शाळा तेथेच भरते.