किती उरलंय?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी टोरांटोला मुलाशी व्हिडिओवर बोलत होते. तिकडे शनिवारची रात्र. नात झोपायच्या आधी शाळेत शिकलेलं गाणं म्हणून दाखवत होती आणि दुसऱ्याच ओळीला लॅपटॉप एकदम काळा. ना काही सूचना, ना आवाज. मी आपली चार्जर शोधत बसले. मोबाईल आतल्या खोलीत, नेहमीसारखा मुका करून ठेवलेला. दहा मिनिटांत शेजारचे भाऊ धापा टाकत दारात. "वहिनी, बऱ्या आहात ना?" मुलाने घाबरून त्यांना फोन केला होता. सत्तरी ओलांडलेली आई बोलता बोलता पडद्यावरून नाहीशी झाली, फोन उचलत नाही, म्हटल्यावर त्याने दुसरं काय करायचं?

मंडळी, या सगळ्याचं मूळ म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातलं, घड्याळाशेजारचं बॅटरीचं इवलंसं चित्र. ते जागेवर नव्हतं. कधीपासून नव्हतं तेही मला सांगता येईना.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, "मावशी, कशाला हात लावलास?" हा प्रश्न मी चौतीस वर्षं वर्गात विचारत आले, आता माझ्यावर आला! त्याने सांगितलं तसं करत गेले. घड्याळाजवळच्या छोट्या बाणावर टिचकी मारली, चित्र तिथे लपलेलं नव्हतं. टास्कबारच्या सेटिंगमध्ये 'पॉवर' नावाचं बटण सापडलं, पण ते करडं पडलेलं, दाबलं जाईना. "म्हणजे तुझ्या संगणकाला बॅटरी आहे हेच माहीत नाही," भाचा म्हणाला. मग डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावलं. त्यात 'बॅटरीज' या नावाखाली दोन ओळी होत्या. एक चार्जरची, दुसरी बॅटरीची. दुसरीवर खाली तोंड केलेला बारीक बाण होता, म्हणजे ती बंद केलेली. उजवी टिचकी मारून 'एनेबल' केलं आणि चित्र परत आलं. तेव्हा आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी आवाज येत नव्हता म्हणून मी याच यादीत शिरून खुडबुड केली होती. गुन्हेगार मीच.

पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. बॅटरी आत होती, लॅपटॉप तिच्यावर चालतही होता, मग ती किती उरली हे त्याला का कळू नये? इतिहासाची बाई, त्यामुळे शोधायला सुरुवात केली ती मागून.

व्होल्टाने १८०० साली पहिली बॅटरी जगापुढे मांडली, तेव्हा तिचा जोर जोखायला त्याने स्वतःचं शरीरही वापरलं. बोटांना झटका किती बसतो ते पाहायचं! पुढे १८५९ मध्ये फ्रान्सच्या प्लांतेने शिशाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली. तिच्यात मोजायची सोय निसर्गानेच ठेवली आहे. वीज खर्च होते तसं आतलं आम्लही खर्च होतं आणि द्रव पातळ होत जातो. घनता भरलेल्या बॅटरीत साधारण १.२८, उतरलेल्या बॅटरीत १.१५ च्याही खाली. आमच्या गावी एस.टी. स्टँडजवळच्या गॅरेजमध्ये मिस्त्री रबरी फुग्याची काचेची नळी बॅटरीत बुडवायचा आणि आतला तरंगता काटा बघून "उतरलीय" म्हणायचा. ते यंत्र हेच.

आणि रेडिओचे सेल? १९७१ च्या युद्धात आम्ही बातम्यांसाठी रेडिओला कान लावून बसायचो. आवाज बारीक व्हायला लागला की वडील सेल काढून उन्हात ठेवत. जस्त-कार्बनचे ते सेल दीड व्होल्टपासून हळूहळू उतरत जातात. मरायच्या आधी चार दिवस सांगून ठेवायचे बिचारे.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. वजनाला हलकी, पण स्वभावाने अबोल. तिचा दाब बराच काळ फारसा उतरत नाही आणि शेवटी शेवटी एकदम कोसळतो. हे मला समजलं ते स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवरून. गॅसची ज्योत शेवटपर्यंत तशीच निळी जळते आणि पोळ्या अर्ध्यावर असताना संपते. त्यावर आपण बायकांनी काय उपाय काढला? नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहायची. आत डोकावता येत नाही ना, मग खर्चाचा हिशेब ठेवायचा.

संगणकवाल्यांनीही मुख्यतः तेच केलं. बॅटरीतच एक चिप बसवली. किती वीज आत आली, किती बाहेर गेली, याची ती सतत जमाखर्चाची वही लिहिते. ड्युरासेल आणि इंटेल यांनी १९९५ च्या सुमारास अशा हुशार बॅटरीचे नियम ठरवले. ती वही वाचायची कुणी, याचे नियम वेगळे. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एक पद्धत आणली होती, पण तिच्यात बराचसा कारभार बायॉसच्या हाती होता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' ही नवी पद्धत जाहीर केली आणि बॅटरीची विचारपूस करायचं काम मुख्य प्रणालीकडे आलं. मी बंद केलेल्या त्या ओळीच्या नावात ही चार अक्षरं आजही आहेत. म्हणजे झालं असं, की बॅटरी वही लिहीत होती, पण वाचणाऱ्याला मीच घरी पाठवलं होतं!

आणखी एक कळलं. कोपऱ्यातला आकडा हा अंदाज असतो. हिशेबात बारीक चुका साठत जातात, आणि बॅटरी म्हातारी होते तसं भांडंही लहान होतं. भाच्याने माझ्या बॅटरीचा अहवाल काढून दाखवला. नवी असताना ४१ हजार मिलिवॅट-अवर मावत होते, आता जेमतेम २६ हजार. पण भरली की आकडा १०० टक्केच दाखवते. त्यात खोटं काही नाही. आता आहे तेवढं भांडं भरलंय, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दिवशी मुलगा रागावला नाही, पण बराच वेळ नीट बोलेना. मग काही गोष्टी ठरल्या. घराची एक किल्ली शेजारी दिली. रविवारी मोबाईल मुका करायचा नाही. आणि नातीने स्वतःहून एक काम अंगावर घेतलं आहे. बोलणं सुरू करायच्या आधी ती विचारते, "आजी, किती उरलंय?" मी चष्मा लावून कोपऱ्यातला आकडा वाचते. मगच गाणं सुरू होतं.

असो. तुमच्या कोपऱ्यातलं चित्र जागेवर आहे ना, एकदा बघून घ्या.