बोरघाटांतील रिव्हर्सिंग स्टेशन

स्टेशन म्हटलें कीं उतारूंची चढउतार आलीच. परंतु खंडाळ्याच्या अलीकडे, घाटाच्या ऐन कड्यावर, एक स्टेशन असें होतें कीं तेथें गाडी थांबे ती मुख्यतः आपली दिशा पालटण्यासाठीं. तेंच बोरघाटांतील रिव्हर्सिंग स्टेशन.

१८५६ सालीं मुंबईहून रूळ खोपोलीपर्यंत आले; १८५८ सालीं खंडाळ्याहून पुण्यास गाडी धांवूं लागली. मधला घाट मात्र पालखींतून किंवा तट्टावरून चढावा लागे. लोहमार्गास येथें सोळा मैलांहून किंचित् कमी अंतरांत १,८३१ फूट उंची गांठावयाची होती, आणि वळण घेण्यास डोंगरांत जागा नव्हती. पाठीवर ओझें घेतलेला हमाल चढ सरळ चढत नाहीं, आडवातिडवा चढतो. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं हीच युक्ति योजिली. खालून आलेली गाडी स्टेशनांत उभी राही, इंजिन सुटून दुसऱ्या टोंकास लागे, आणि येतांना जो डबा शेवटचा, तोच निघतांना पहिला होई. वर्गांत मी हें फळ्यावर काढून दाखवीत असें. शेवटच्या बांकावरील मुलांना तें विशेष आवडे.

घाटाचें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधावयाचे होते. १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांवर मजूर तेथें खपत होते. मजुरी वेळेवर न मिळाल्यानें १८५९ च्या आरंभीं त्यांनीं दंगा केला. पुढें पटकीच्या सांथींत कित्येक दगावले. त्याच वर्षीं नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथें येऊन थोड्याच दिवसांत वारले, तेव्हां त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनीं ठेका न सोडतां काम तडीस नेलें. बर्कले १८६२ सालीं निवर्तले. पुरा झालेला घाट त्यांना पाहावयास मिळाला नाहीं. एप्रिल १८६३ मध्यें गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं मार्ग खुला केला.

१९२९ सालीं नवे बोगदे खोदून मार्ग बदलला आणि गाडीस उलट फिरण्याचें कारण उरलें नाहीं. सहासष्ट वर्षें राबलेलें स्टेशन ओस पडलें. जुन्या मार्गाच्या पुलाची एक कमान तेवढी २०२० सालापर्यंत उभी होती.

गव्हर्नर, इंजिनियर, ठेकेदार यांचीं नांवें आपणांस सांगतां येतात. त्या बेचाळीस हजारांपैकीं एकाचेंही नांव मला सांगतां आलें नाहीं. ज्या स्टेशनांत शेवटचा डबा पहिला होई, त्याच्या इतिहासांत तरी मजुरांचें स्थान शेवटचें राहूं नये. घाट चढतांना क्षणभर त्यांचें स्मरण करावें, एवढीच विनंति.